पिशवीची गाठ

सोमवार, ४ मार्च

पकडला! वरच्या मजल्यावरच्या मास्तरला आज रंगेहाथ पकडला. सकाळी पावणेसातला दूध घ्यायला खाली उतरलो, तर हा कचऱ्याच्या पिंपापाशी वाकलेला आणि हात कोपरापर्यंत माझ्या पिशवीत. माझ्याच! काळी पिशवी, पिवळी सुतळी. मला बघून ताठ झाला. म्हणाला, "चष्म्याची डबी पडली." डबी त्याच्या खिशातून डोकावत होती!

अठरा वर्षं त्याच्याशी बोललो नाही, आज कशाला तोंड उघडू?

मंगळवार, ५ मार्च

डोकं भणभणतंय. त्याला माझ्या कचऱ्यात काय सापडणार? शाळा सातवीत सुटली माझी, पण चौतीस वर्षं रद्दीच्या गोदामात कागद निवडण्यात घालवली. कागद मला कळतो. बहुतेक कागद उभा फाडला की सरळ पट्ट्या निघतात, सगळ्या एकसारख्या, कुठली कुणाची ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. आडवा फाडला की कडेला दाते पडतात. ते दाते एकमेकांत बसवले की कागद पुन्हा उभा! लोक आडवा फाडतात आणि हात झटकून मोकळे होतात.

माझी पद्धत अशी. आधी नाव-पत्ता काढायचा आणि चहाच्या चोथ्यात कालवायचा. बँकेचे, फोनचे आकडे सुक्या कचऱ्यात, ते दुसऱ्या दिवशी. सही असली तर बादलीत भिजवून लगदा. मुलगा हसतो. "बाबा, तुमच्या वीजबिलावर कोण टपून बसलंय?" हस बाबा. माणूस दाराला तीन कड्या लावतो आणि आपलं अख्खं घर पिशवीत भरून रस्त्यावर नेऊन ठेवतो. मी हजारोंची घरं अशी वाचली आहेत.

बुधवार, ६ मार्च

कात्री सापडली. साखरेच्या डब्यात! भांडीवाली बाई आंधळी झाली आहे. आता साखर शोधतो आहे.

शुक्रवार, ८ मार्च

रिपोर्ट आणला. एकटाच गेलो. डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. "आजोबा, विस्मरणाची सुरुवात आहे. पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या. आणि रोजचं लिहून ठेवता ना?"

ठेवतो की, म्हटलं.

घरच्यांना घेऊन या म्हणे! मुलाने मागेच बजावून ठेवलंय — "काही कमी-जास्त झालं की हे घर विकायचं आणि तुम्ही आमच्याकडे." आमच्याकडे म्हणजे नातवंडांच्या अभ्यासाच्या खोलीत घडीची खाट. सकाळ झाली की करा घडी — खाटेची आणि माझी. नाही जाणार. याच दोन खोल्यांतून बायको गेली, मीही इथूनच जाईन.

तो कागद मुलाला दिसता कामा नये. पण त्यावर गोळ्यांची नावं आहेत, ती आधी उतरवून घ्यायला हवीत. तूर्त गादीखाली. मंगळवारी फाडायचा.

रविवार, १० मार्च

मुलगा येऊन गेला. जाताना जिन्यात त्याला मास्तर भेटला. मी दाराआड, कान लावून.

"काका, बाबांचं काही वेगळं वाटतं का हो? विसरतात वगैरे?"

"विसरतात? अहो, अठरा वर्षांपूर्वीचं भांडण अजून जसंच्या तसं चालवतायत! तुम्ही स्वतःकडे बघा जरा. पोट सुटलंय."

मुलगा हसत उतरला. हा मला वाचवतोय की खेळवतोय? पिशवीतून काहीतरी नक्की लागलंय याच्या हाती. दाबून ठेवलं असेल, वेळ बघून काढेल. त्याच्या जागी मी तेच केलं असतं.

सोमवार, ११ मार्च

लिहूनच टाकतो. वाचणार कोण आहे?

मास्तरची बायको सोडून गेली त्या वर्षी त्याच्या शाळेची रद्दी आमच्या गोदामात आली. परीक्षेच्या पेपरांत त्याने बायकोला लिहिलेलं पत्र. चार वेळा लिहिलेलं, चारही वेळा फाडलेलं — आडवं. अक्षर ओळखीचं, जिन्यातल्या पाण्याच्या सूचना तोच लिहायचा. जेवणाच्या सुट्टीत मी एक पत्र जोडलं. शेवटी होतं, "मी रागावणार नाही. परत ये."

मी फक्त दोघांना सांगितलं. दोघांना! आठवड्याभरात पोरं त्याच्या मागे जिन्यात ओरडायला लागली, "परत ये! परत ये!" पुढे शाळेतही. मग तो एकदा माझ्या दारात आला. "तुम्हीच जोडलंत ना?" मी म्हटलं, "मला काय उद्योग नाहीत?" तेव्हापासून अबोला. आणि गंमत बघा, फुगून बसलो तो मी!

आता पाळी त्याची आहे.

बुधवार, १३ मार्च

कचऱ्याची गाडी यायच्या आत खाली गेलो. पिशवीची गाठ माझी नव्हती. मी दोन वेढे घालून टोक आत ओवतो. ही बुटाच्या नाडीसारखी. सोडली. वरच रिपोर्ट! आठ तुकडे, सगळे आडवे फाडलेले. आणि जिथे जिथे माझं नाव होतं तिथे तिथे लाल शाई. एक अक्षर दिसू नये इतकी गिरवलेली.

हरामखोर! माझ्या गादीखालून चोरला!

तुकडे घेऊन वर आलो. कुलूप धड. किल्ली गळ्यात. खिडकीला गज. आणि चोरणारा फाडत कशाला बसेल? नाव कशाला खोडेल?

वही उघडली. "मंगळवारी फाडायचा." मंगळवार काल होता. कालचं पानच नाही.

गुरुवार, १४ मार्च

जिन्यात अडवला.

"मास्तर, माझ्या पिशवीत हात का घालता?"

"वाचा फुटली म्हणायची!"

"विचारतोय ते सांगा."

"तुम्ही अख्खे कागद टाकता, कागदवाले. थंडी पडल्यापासून बघतोय. बँकेचं पुस्तक टाकलंत, पिशवी कुत्र्यांनी ओढली, पुस्तक रस्त्यावर. तुमच्या दाराखालून सरकवलं होतं मी. आठवतंय?"

आठवत नव्हतं. "आठवतंय की," म्हटलं.

तो चष्मा पुसायला लागला.

"रिपोर्ट वाचलात?"

"नाव खोडायचं तर नाव वाचावं लागतं. बाकी नाही वाचलं." दोन पायऱ्या चढला, थांबला. "आणि फाडल्यावर जोडला तर मुळीच नाही."

त्यापेक्षा थोबाडीत मारायची. ओरडलो, "कागद आडवा नसतो फाडायचा!"

"मला येतो तसा फाडतो," वरून आवाज आला. मग दार लागलं.

शनिवार, १६ मार्च

तुकडे जुळवले. गोळ्यांची नावं उतरवून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली. आडवे होते म्हणून जुळले! मी फाडले असते तर गेले होते. मग तुकडे बादलीत भिजवले.

आता राहिली ही वही. उद्या रविवार, मुलगा येणार. घरात नको. फाडायला घेतली, पण अकरा तारखेच्या, मास्तरच्या पत्राच्या पानापाशी हात अडला.

अख्खीच पिशवीत टाकतो आहे. गाठ मारणार नाही.