हाकदिव्याचा हक्क कोणाला

मी, हाकदिव्याच्या कारखान्याची मालकीण, कान गेलेली पण डोकं ठिकाणावर असलेली, कोणाच्या धाकाला वा गोडीगुलाबीला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. आधी काही लिहिलेलं सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहतं घर मुलाला द्यावे. माझं त्याचं कितीही वाजलं तरी घर त्याचंच. हाकदिवा मुळात त्याच्यामुळेच झाला. तो पाळण्यात रडायचा आणि मला ऐकू यायचं नाही, म्हणून ह्यांनी रडण्याच्या आवाजाने लागणारा दिवा बनवला.

२. धाकटे दीर या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, त्यामुळे त्यांच्या नावे इथे काही लिहिता येत नाही. ह्यांचं हत्यारांचं कपाट मी आजच त्यांच्या घरी पाठवलं. भावजींच्या पोटात काही राहत नाही. पेटंटचा अर्ज करायच्या आधीच त्यांनी तो पहिला दिवा प्रदर्शनात मांडला आणि येईल त्याला आतली जोडणी उलगडून दाखवली. सगळ्यांनी पाहिलेल्या वस्तूला नवी कोण म्हणणार? पेटंट हातचं गेलं. मग मीच चंग बांधला. बॅटरीवर चालणारा दिवा झाला की आधी अर्ज, मनगटावर बांधायचा झाला की आधी अर्ज, आणि तोवर वस्तू कुलपात. त्यावर कारखाना उभा राहिला. भावजींवरचा राग मात्र मी कोणाला देत नाही, तो माझ्याबरोबर जाईल.

३. मुदत संपलेल्या पेटंटांवरून कोणाशी भांडू नये. आपल्यासारखे दिवे दुसऱ्यांनी केले तर करू देत. कुठल्या तरी आईला मूल रडलेलं कळतंय, यात मला आनंद आहे.

४. कारखाना आणि चालू पेटंटं सुनेला द्यावीत. मुलगा म्हणतो, "आई, आता मोबाइलच सगळं करतो. विकून मोकळे होऊ." त्यावर सून म्हणाली, "आणि मोबाइल उशीखाली राहिला की?" तिने एक नवीन वस्तू केली आहे. कारखान्याचं पुढचं सगळं त्या वस्तूवर आहे. ती काय आहे हे इथे लिहीत नाही, कारण साक्षीदार भावजी आहेत. सून अर्ज दाखल करायला पेटंट कचेरीत गेली आहे. ती येईपर्यंत पेन खाली ठेवते.

५. सून आली. अर्ज दाखल झाला, पोच हातात आहे. आता बिनधास्त लिहिते: नवा दिवा हाक मारणारा कोण ते ओळखतो आणि प्रत्येकासाठी वेगळ्या रंगाचा होतो. मी पोच वाचत होते, तेवढ्यात सुनेने टेबलावर ठेवलेला हा नवा दिवा निळा झाला. निळा म्हणजे मुलगा. वळून पाहिलं तर तो दारात उभा. ओठांवरून कळलं, "आई, जेवायला चल," म्हणत होता. पाठीमागून आलेली हाक त्याचीच आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा वळून न पाहता कळलं. मला रडू आलं. त्याने दिव्याकडे पाहिलं आणि विकायचा विषय काढला नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही करते.

सही: सासूबाई, म्हणजेच मालकीण

साक्षीदार: शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई (डोकं ठिकाणावर असल्याची खात्री केली)

साक्षीदार: धाकटे दीर

ठिकाण: कारखान्याची वरची खोली

तारीख: अर्जाच्या पोचेवर आहे तीच

ता. क. भावजी, आता खुशाल प्रदर्शनात मांडा. आतली जोडणीसुद्धा दाखवा.