फोनवर न बोलण्यासारखं

प्रिय आई,

ख्रिस्तात तुला आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना सलाम. फोन असताना ही बया पत्र का खरडत बसली, असं म्हणत चष्मा शोधू नकोस, तो डोक्यावर असेल. इथले डॉक्टर सुट्टीवर तिकडे यायला निघालेत, शुक्रवारी ते हे पत्र तुझ्या हातात देतील. त्यांना नुसत्या चहावर वाटेला लावू नकोस. माणूस खाण्याचा शौकीन आहे पण लाजाळू, दोनदा आग्रह करावा लागतो.

आमच्याकडे सध्या नुसती लगीनघाई आहे. दवाखान्यामागची औषधांची खोली मुंगीसाठी रिकामी केली. दोनदा रंग दिला तरी टिंक्चरचा वास हटत नाही. तुझ्या जावईबापूंनी मिशनच्या सुतारशाळेत स्वतःच्या हाताने पलंग केला. पोरगी आठ वर्षांची, पलंग मात्र त्यांच्याच मापाचा. मोठी होईल की, म्हणतात. तो दारातून आत जाईना म्हणून चौकट काढली, आणि परत बसवताना दार उलटं लागलं. नोहाचं तारू यांच्याकडे दिलं असतं तर जनावरं बाहेरच राहिली असती. पण खरं सांगू, त्या उलट्या दारातून मी दिवसातून चारदा उगाच आत डोकावते आणि माझी मीच हसते.

मुंगीबद्दल तुला तुकड्यातुकड्यांनी सांगितलंच आहे. तिचं असं कुणी नाही. अगदी लहान असताना आमच्या वसतिगृहात आली. शाळा सुटली की दप्तर फेकून माझ्याकडे दवाखान्यात येते आणि टेबलाखाली बसून बँडेजच्या पट्ट्या गुंडाळते. साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ही तिथे पोचते, म्हणून मुंगी. आमच्याशी ती इथल्या भाषेत बोलते, आणि आम्ही दोघं तिच्यादेखत जे लपवायचं ते मराठीत बोलतो. कुणाला लागण झाली, हिशेबनीस उपासनेत कसे घोरले, सगळं. भिंतीला कान असतात म्हणतात, पण आम्हाला वाटायचं, असेनात, त्यांना मराठी कुठे येतं.

तर परवा दुपारी आम्ही असेच कुजबुजत होतो. हिला दत्तक घेतोय हे आता सांगावं का? हे म्हणाले, कोर्टाची तारीख मिळू दे, उगाच पोरीला आशेला लावायला नको. आणि टेबलाखालून आवाज आला, तारीख मिलाली नाही का अजून? अगदी असंच, ळचा ल करून, पण मराठीत. यांच्या हातातली पट्टी सुटली ती उलगडत थेट बाहेर पेशंटच्या बाकापर्यंत गेली. मग ती बाहेर आली, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून आई गं, मेले मी असं कण्हली. आई, ते कण्हणं तुझं होतं. दर रविवारी फोनवर तू बसता-उठता कण्हतेस, ते तिने जसंच्या तसं उचललंय. मी हसले, रडले, तिला कुशीत घेतलं. हे तर देवाचे आभार मानायचे सोडून हिशेबनिसांबद्दल आपण काय काय बोललो ते आठवत घाम पुसत होते.

तारीख आता मिळाली आहे, येत्या मंगळवारची. या वयाच्या मुलाला न्यायाधीश स्वतः विचारतात आणि मूल हो म्हणालं तरच पुढे जाता येतं. काल समाजसेविका तयारी करून घ्यायला आल्या तर मुंगी म्हणाली, नंतर सांगते. आज सकाळी पट्ट्या गुंडाळता गुंडाळता म्हणाली, आजी नको बोलली ना, मग मी कशी येऊ?

म्हणजे तिने तेही ऐकलं होतं. गेल्या महिन्यात तू म्हणालीस, परक्याचं लेकरू ते, जीव लावाल आणि पंख फुटले की उडून जाईल, मला आजी म्हणायला लावू नका. फोन स्पीकरवर होता आणि ती टेबलाखाली. आई, मी रागावलेले नाही. पंख फुटले आणि उडून गेले ती मी. एवढ्या लांब, देवाच्या कामाला का होईना, पण गेले. ते तुला अजून बोचतं, हे मला कळतं. पण ते तू मला बोल, हवं तेवढं बोल. तिचा त्यात काय दोष?

आता कळलं ना पत्र का? फोनवर काय सांगणार, घरात मराठी कळणारं तिसरं माणूस आहे. या रविवारी फोन वाजला की आम्ही दोघं बाहेर जाऊन उभे राहणार, आणि तीच तुझ्याशी बोलणार. कुणी हो म्हणायला लावलंय असं तिला वाटायला नको, म्हणून काय बोलायचं ते मी तुला शिकवत नाही. तुला पटलं नाही तर तसंही सांग, ती खोटं लगेच ओळखते. तिने मला एकच गोष्ट विचारली आहे. मी तुला अगं म्हणते, आणि डॉक्टरांना अहो, हे तिने ऐकलंय. मग आजीला तिने 'तू' म्हणायचं की 'तुम्ही'? मी म्हटलं, ते आजीच सांगेल.

तुझीच,
लांब उडालेली धाकटी