दाढ काय म्हणते?

वॉर्ड नंबर तीन, मनोरुग्णांचं इस्पितळ
३ नोव्हेंबर १९८६

ति. विदाताईस बोगोल्युबचा कृ. सा. न. वि. वि.

तू पाठवलेली लाल मिरच्यांची चटणी मिळाली, पण खाऊ कशी? उजवीकडची खालची दाढ ठणकतेय. डॉक्टर झारिचना सांगितलं, की दाढ रात्रभर बोंबलते, झोपू देत नाही. त्यांनी लगेच विचारलं, की दाढ काय म्हणते? आवाज पुरुषाचा की बाईचा? मी म्हटलं, म्हणते कसली, आई आठवते मला! झालं. आई जाऊन किती वर्षं झाली, ती कधीपासून येते, असे प्रश्न सुरू. शेवटी एक गोळी वाढवली. आता दिवसभर मी पेंगतो आणि दाढ टक्क जागी असते.

ताई, उन्हाळ्याआधी मी म्हणत होतो, की आपल्या कोंबड्या पोलिसांना बातम्या पुरवतात. कबूल. आता नाही म्हणत. पण त्या कोंबड्यांपायी माझी दाढही खोटी ठरली. ही ‘दाढेची बडबड’ थांबली नाही तर सेंट निकोलाच्या सणाला घरी सोडणार नाहीत म्हणे. काहीतरी कर.

लोभ असू दे, आणि पुढच्या वेळी काहीतरी मऊ पाठव.
तुझा बोगोल्युब

कामेनोवो
९ नोव्हेंबर

चि. बोगोल्युबास अ. उ. आ.

तुझ्या जिभेला लहानपणापासून हाड नाही. डॉक्टरसमोर आई कशाला आठवायची? दाढ दुखते, एवढं बोलून गप्प बसायचं. मी पोस्टात जाऊन त्या झारिचला फोन केला. गोड आवाजात म्हणतो, की बाई, त्याच्या भ्रमाला खतपाणी घालू नका. मी सुनावलं, कोंबड्यांचं तुम्ही बघा, पण ही दाढ आमच्या भाचीच्या, मिलेवाच्या लग्नात अक्रोड फोडताना माझ्या डोळ्यांदेखत तडकली आहे. तर विचारतो, घराण्यात आणखी कुणाला असा त्रास आहे का! मी फोन आपटला. तेव्हापासून पोस्टमास्तर माझ्याशी फार जपून बोलतो.

आता ऐक. दाढेचं नाव काढू नकोस. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या होत्या, वारा लागला, असं सांग. आपल्याकडे वारा लागला म्हटल्यावर कोण विश्वास ठेवत नाही ते बघते.

जिभेला आवर घाल आणि माया पातळ करू नकोस.
तुझी ताई विदोसावा

वॉर्ड नंबर तीन
२० नोव्हेंबर

ति. ताईस कृ. सा. न. वि. वि.

वारा लागला म्हणताच वॉर्डात पळापळ! देसांका नर्सने लोकरीचा मफलर गुंडाळला, स्वयंपाकघरातून गरम मीठ भरलेला मोजा आला, आलुबुखाराच्या दारूत भिजवलेली पट्टी आली. ती मी अर्धी गालाला लावली, अर्धी चोखली. झारिचसाहेब स्वतः खिडकी लावायला उठले. म्हणाले, वाऱ्याची थट्टा नको, माझ्या मामाचं तोंड असंच वाकडं झालं होतं. मी विनवलं, एकदा तोंडात डोकावता का? तर म्हणाले, वारा दिसत नसतो.

ताई, थट्टा पुरे. गाल पावासारखा सुजलाय, अंगात ताप आहे, घोट गिळताना जीव जातो. मफलरखाली कुणाला काही दिसत नाही. मला भीती वाटते.

लोभ असेल तर ये.
बोगोल्युब

कामेनोवो
२६ नोव्हेंबर

चि. बोगोल्युबास अ. उ. आ.

ताप उतरल्याचं देसांकाबाईंनी फोनवर कळवलं. रविवारचं तुला काही आठवत नाही म्हणे, म्हणून लिहिते. मी आले तेव्हा तुझं तोंडही उघडत नव्हतं. झारिच म्हणाला, आज स्वारी रुसली आहे. मी वाद घातला नाही. स्वतःचा गाल धरला, मटकन खुर्चीत बसले आणि दाढ गेली गं आई, म्हणून बोंब ठोकली. मीही आईच आठवली, पण माझी आई काही त्याने लिहून घेतली नाही! धावत जाऊन समोरच्या इमारतीतून दातांच्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आला. त्या येताच मी उठले आणि तुला खुर्चीत बसवलं. बाईंनी तुझा जबडा कसाबसा उघडला आणि ओरडल्याच. पू घशाकडे उतरत होता, आणखी एक दिवस गेला असता तर हा माणूस हाती लागला नसता, म्हणाल्या. झारिच पांढराफटक पडला. मग मी माझ्या दोन्ही कवळ्या काढून त्याच्या टेबलावर ठेवल्या.

बसस्टँडवर मात्र खूप रडले रे. तुझं खरं दुखणं कुणाला पटेना, आणि माझ्या तोंडात एक दात नसताना माझं पटलं. आता रव्याची लापशी खा.

आशीर्वाद आहेतच, राग झारिचसाठी राखून ठेवलाय.
विदोसावा

वॉर्ड नंबर तीन
१० डिसेंबर

ति. ताईस कृ. सा. न. वि. वि.

दाढ गेली, वाढवलेली गोळीही गेली. झारिचसाहेब इतके बदललेत की कुणी शिंकलं तरी छातीचा फोटो काढतात. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा गावरा लंगडतो, ते आयुष्याला कंटाळल्यामुळे, असं सगळे धरून चालले होते. परवा बूट काढायला लावला, तर आत खिळा! आता गावरा तो बूट हातात घेऊन वॉर्डभर मिरवतो.

काल साहेबांनी मला विचारलं, की आणखी कुठे दुखतं? खरं सांगू, मला बोलायचीच धास्ती बसलीय. तरी म्हटलं, घरच्या आठवणीने काळीज दुखतं. लगेच अंगाला वायरी लावून कार्डिओग्राम काढला! कागद उलटसुलट बघून म्हणाले, यात तर काहीच सापडत नाही. मग वायरी काढता काढता हळूच विचारलं, की तुम्हाला न्यायला ताईंना कधी बोलावू?

तर सणाच्या आदल्या दिवशी ये. लोभ असावा. काळीज अजून दुखतंच आहे, पण या वेळी डॉक्टरांनी ते खरं धरलंय.
तुझा बोगोल्युब