निंबाखालची जागा आणि रिसोडची गोलकीपर

१ जानेवारी २०२६, सकाळी ६
नवीन वर्ष. नवीन वही. (कृषी केंद्राकडून फुकट. मुखपृष्ठावर सोयाबीनचं रोप.) संकल्प तीन. एक, रोज लिहिणे. दोन, पैशाची पैज बंद, कायमची. तीन, चष्मा घेणार नाही. डॉक्टरनं सांगितलेला नंबर हा त्याचा अंदाज आहे, माझा नाही.

सकाळी ८
बाजारासाठी पानकोबी भरली. छोटा हत्ती टेम्पो वेळेवर आला. मी खालून गड्डे फेकतो, आमची पोरगी तनुजा गाडीत उभी राहून झेलते. दोन्ही हात छातीशी, नजर गड्ड्यावर, झेल, वळ, मागं ठेव, पुन्हा समोर बघ. ही सिस्टीम मी तिला चौथीत असताना शिकवली. आता ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आज तीनशे ऐंशी गड्डे, एकही पडला नाही. फेक सरळ असली की झेलणाऱ्याला काही कामच उरत नाही.

२ जानेवारी
मुन्नाचं सलून. चर्चा एकच. जिल्ह्याच्या आंतरमहाविद्यालयीन मुलींच्या फुटबॉलची फायनल, पंचवीस तारखेला वाशिमला. रिसोड विरुद्ध मानोरा. मुन्नानं आरशाच्या बाजूला पाटी टांगून भाव लिहिलेत. भावफलक सोडला तर सलूनमध्ये वाचण्यासारखं काही नाही.

हजर: मुन्ना स्वतः, कांदे-लसूणवाला रामधन, रिसोडच्या कॉलेजात लॅब असिस्टंट असलेला संघपाल. संघपाल पैज लावत नाही, नुसता चहा पितो आणि हसतो. सगळे रिसोडच्या बाजूनं. गाव आपलं म्हणून. मी म्हणालो, ॲनालिस्टला गाव नसतं. मानोऱ्याच्या पोरी तांड्यावरच्या, लहानपणापासून चढ-उतार पळालेल्या. त्यांचा दम बघा. रामधन म्हणे, भाऊ, तुमी कधी फुटबॉल पाह्यला काय? मी म्हणालो, वांगं ओळखायला वांग्याच्या झाडावर बसावं लागत नाही.

संध्याकाळी तनुजानं कॉलेजचा कसलासा फॉर्म आणला. पालकाची सही. मी प्रत्येक कागद नीट वाचूनच सही करतो, पण अक्षरं फार बारीक छापलेली होती. सही केली. उत्तमराव, इंग्रजीत.

५ जानेवारी, दुपारी ४
फील्ड स्टडी. कॉलेजच्या कंपाउंडबाहेर उभं राहून रिसोडची प्रॅक्टिस पाहिली. बाकी पोरी ठीक. गोलकीपर अगदीच कच्ची. अंगानं लहान, धुळीमुळे डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेला, आणि एका पायावर भार देऊन उभी. ही ठेवण मी ओळखतो. आमची तनुजा भांडी घासायच्या वेळी अशीच उभी राहते. अशा माणसाला चपळाई नसते.

संध्याकाळी ६
तनुजा माझ्यानंतर घरी आली. दोन्ही गुडघे सोललेले. मी म्हणालो, चालताना समोर बघत जा. या पिढीची नजरच कमजोर.

६ जानेवारी
फार मोठी माहिती हाती लागली. संघपालकडून. रिसोडची गोलकीपर म्हणे सगळे चेंडू झेलते, एक सोडत नाही. पण झेलला की मागं वळते आणि चेंडू अलगद आपल्याच जाळ्यात ठेवते. प्रॅक्टिसमध्ये पाच वेळा. कोच सरांनी डोकं धरलं. किती समजावलं तरी तिची सवय जात नाही.

संघपाल माझ्याकडे बघत म्हणे, काका, अशी सवय एखाद्या पोरीले कशी लागत असन? मी म्हणालो, घरचं वळण. आईबाप लक्ष देत नाहीत. संघपालला ठसका लागला. चहा फार गरम देतो तो मुन्ना.

८ जानेवारी, बाजारचा दिवस
पैज लागली. इथे नोंद करून ठेवतो, नंतर कुणी शब्द फिरवायला नको.

रामधन मुन्नाच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला, मानोऱ्यावर एवढा भरोसा हाय तर लावा पैज. मी सांगितलं, पैसे नाही, माझा संकल्प आहे. तो म्हणे, मंग जागा लावा. बाजारात फाटकाजवळ निंबाखाली आमची जागा. ओटा नाही, पावती नाही, सातबारा नाही, पण चाळीस वर्षं सगळ्या बाजाराला माहीत आहे की ही आमची. आधी माझी आई बसायची, आता बायको, सीताबाई बसते, मी शेजारी काटा धरतो. सावली दिवसभर, आणि प्रत्येक गिऱ्हाईक आधी आमच्याच तोंडावर येतं. रामधनची जागा पार टोकाला, मुतारीच्या भिंतीला लागून. त्याच्याकडे गिऱ्हाईक येतं ते नाकाला पदर लावून.

ठरलं असं: मानोरा हरलं तर वर्षभर माझी जागा रामधनची, त्याची माझी. मानोरा जिंकलं तर त्याचा फवारणीचा बॅटरी पंप मला. नवा आहे पंप. जागा म्हणजे पैसे नव्हेत, त्यामुळे संकल्प शाबूत.

रामधननं दोनदा विचारलं, भाऊ, पक्कं ना, मांगून नाई म्हनसान. घाबरला होता. मुन्ना माझी दाढी करता करता थांबला आणि म्हणे, काका, एकदा घरी इचारून घ्या. मी म्हणालो, जागा माझी आहे. तो वस्तरा धुवायला गेला.

सीताबाईला सांगितलं नाही. पंप आणूनच सांगेन.

१० जानेवारी
कोबीचा हंगाम, आता रोज गाडी भरतो. भरताना तनुजा म्हणे, बाबा, आता गड्डे मांगं नाई ठेवत, पायापुढं ठेवते. मी आधी नाही म्हणालो. दहा वर्षांची सिस्टीम. मग विचार केला. पुढं ठेवले तर बाजारात उतरवताना फाळका उघडला की माल हाताशी. म्हणजे ही कल्पना मुळात माझ्या डोक्यात होतीच, ती फक्त आधी बोलली.

सवय मोडायला शिस्त लागते. मागं वळली की मी ओरडायचो, पुढं. पहिल्या शंभरात चाळीस वेळा वळली. मी कोच असतो तर रिसोडची ती गोलकीपर आठ दिवसांत सुधारली असती. पण मी मानोऱ्याकडून आहे.

१४ जानेवारी, संक्रांत
रामधन तीळगूळ द्यायला घरी आला. सीताबाईसमोर काही बोलतो की काय म्हणून मी त्याला अंगणातूनच वाटेला लावला. जाता जाता तनुजाला म्हणे, बेटा, तब्येत सांभाळ, पंचवीस तारखेपर्यंत हातपाय सांभाळ. परक्या पोरीची एवढी काळजी. वाईट माणूस नाही तसा. पंप घेताना मला वाईट वाटेल.

१५ जानेवारी, बाजार
आज सीताबाईनं बसायच्या आधी निंबाच्या बुडाशी हळदीकुंकू लावलं. दर संक्रांतीनंतरच्या बाजाराला लावते. म्हणे, ही जागा हाय म्हणून पोरगी कॉलेजात हाय. मी काट्याची वजनं पुसत होतो, त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

१७ जानेवारी
फवारणीचे निळे हातमोजे गायब. रबरी तळव्याचे. रामधनवर संशय. पंप जाणार म्हणून आधीच हात साफ करून घेतोय.

तनुजा चारशे गड्ड्यांत फक्त तीनदा मागं वळली. माझ्या शिकवण्याला तोड नाही.

२० जानेवारी
तनुजा म्हणे, बाबा, रविवारी वाशिमले या, फायनल हाय. मी म्हणालो, तू सांगायच्या आधीच माझं ठरलंय. तिला फार आनंद झाला. इतका की मला आश्चर्य वाटलं. मग विचारते कशी, कोणाच्या बाजूनं? मी म्हणालो, ते सिक्रेट. सीताबाई पोळ्या लाटता लाटता माझ्याकडे बघत राहिली. फुटबॉलमध्ये घरच्यांना एवढा रस कधीपासून?

२२ जानेवारी, बाजार
संघपाल भेटला. म्हणे, काका, आमची गोलकीपर सुधरली. दहा दिवसांपासून चेंडू मांगं ठेवत नाई, पायापुढं ठेवते. मी हसलो. भाव हलवायला असल्या अफवा सोडतात. मी या लाइनमध्ये जुना आहे. सवय एवढ्यात जात नाही म्हणून त्याला आमच्या तनुजाचंच उदाहरण दिलं: दहा दिवस रोज चारशे गड्डे, आणि माझ्यासारखा शिकवणारा, तेव्हा कुठे सवय गेली. त्या पोरीला असा कोण मिळणार?

संघपालनं माझा हात हातात घेतला, दोनदा हलवला आणि निघून गेला. चांगला मुलगा आहे, पण विचित्र.

२५ जानेवारी, रविवार, सकाळी ८.१५
एसटीत. शेजारी रामधन. त्यानं माझंही तिकीट काढलं. हरणाऱ्या माणसाला असा मोठेपणा सुचतो. तनुजा पहाटेच मैत्रिणींबरोबर पुढे गेली, सीताबाई तिच्याबरोबर. आई कशाला, विचारलं. म्हणे, मॅच पाह्यले.

सकाळी १०.४०
वाशिम. मैदान. मंडपात जागा मिळाली. माइकवर खेळाडूंची नावं. रिसोडची गोलकीपर तनुजा उत्तमराव. जिल्ह्यात उत्तमराव पुष्कळ. तिच्या हातात निळे रबरी मोजे. कंपनी तीच असावी.

सकाळी ११.५०
रिसोड एक, मानोरा शून्य. काळजी नाही. मानोरा शेवटी पळतं.

दुपारी १२.३५
मॅच संपली. घडलं तसं लिहितो.

शेवटचं मिनिट. मानोऱ्याची उंच पोरगी तिघींना चुकवून आली आणि जोरात मारला. गोलकीपर हवेत गेली, झेलला. दोन्ही हात छातीशी. मी उभा राहिलो. आता वळणार, मागं ठेवणार, बरोबरी, मग पेनल्टी, मग पंप. ती अर्धी वळली. आणि मी सवयीनं, चारशे गड्डे रोज दहा दिवस, अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल असा ओरडलो: पुढं!

तिनं चेंडू पायापुढं ठेवला, आणि लाथ मारून पार दुसऱ्या टोकाला पाठवला. मग स्कार्फ खाली ओढला आणि मंडपाकडे बघून हसली. शिट्टी वाजली.

रामधन माझ्या पाठीवर थाप मारत म्हणे, भाऊ, पोरगी तुमची. जागा माझी.

२६ जानेवारी
झेंडावंदनाला गेलो नाही. तब्येत.

सीताबाईला सगळं समजलं. मुन्नाकडून. मला वाटलं आकांडतांडव होईल. तिनं एवढंच विचारलं, तुमी माह्या पोरीच्या विरुद्ध पैज लावली? जागेचं नंतर. मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. ती म्हणे, सही कोनाची हाय फॉर्मवर? तनुजा आत होती. तिला वाटतंय मी तिच्यासाठीच ओरडलो. म्हणे, बाबा, तुमी ओरडले म्हणून आठवलं. सीताबाईनं तिला खरं सांगितलं नाही. मीही नाही. फार लाज वाटली. इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार.

२९ जानेवारी, बाजार
आज निकाल. रामधन पोती घेऊन निंबाखाली हजर. सगळा बाजार बघायला. सीताबाई आपल्या जागेवर बसलेलीच. म्हणे, रामधन भाऊ, पैज कोन लावली? यायनं. काय लावलं? त्यायची जागा. मंग त्यायची जागा घ्या. आणि काटा धरताना मी बसतो ते पोतं उचलून तिनं रामधनला तिथे बसवलं. माझी जागा म्हणजे तेवढीच निघाली, हातभर. रामधन खूश. सावली मिळाली, फाटक मिळालं, आणि शेजारी सीताबाई दोघांचं गिऱ्हाईक सांभाळते.

मी मुतारीच्या भिंतीला. वर्षभर. इथून सगळा बाजार दिसतो, अभ्यासाला उत्तम. वास सोडला तर शांत आहे.

सकाळी १० पर्यंत गिऱ्हाईक एक. कमलीबाई, शाळेत पोषण आहार शिजवते. नाकाला पदर लावून म्हणे, तुमी त्या गोलकीपर पोरीचे बाबा ना? मी म्हणालो, होय. तिनं दोन गड्डे घेतले. घासाघीस केली नाही. तोपर्यंत मी ताठ बसलो नव्हतो.

सकाळी १०.३०
सीताबाईनं दिलेले दोनच गड्डे संपले म्हणून गाडीकडे हाक मारली. तनुजा गाडीत उभी होती, निळे मोजे घालून. तिची विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली. आता तिला सीताबाई गड्डे फेकते. म्हणे, बाबांची फेक डावीकडं जाते. तिथूनच तिनं एक गड्डा माझ्याकडे भिरकावला. मला दोन दिसले. मी चुकीचा धरला. खरा माझ्या कानाजवळून गेला, भिंतीला लागून घरंगळला आणि कुणाच्या तरी बकरीनं खाल्ला. सगळी ओळ हसली.

तनुजा ओरडून म्हणाली, बाबा, दोन्ही हात छातीशी, नजर गड्ड्यावर. तिला हे कोणी शिकवलं, ते ओळीत कुणाला माहीत नाही. मी सांगायला गेलो नाही.

उद्या चष्म्याचं बघायचं.