दोघांनी करायची छाटणी

शनिवार, १ ऑक्टोबर १९८३. मळा.

नलूने अर्जावर सही केली. पाठक वकिलांनी सकाळी ऑफिसात फोन करून सांगितलं. मी विचारलं, स्वतः आल्या होत्या? म्हणाले, हो, काल संध्याकाळी, भावाबरोबर. सगळा अर्ज वाचला, मग प्रत्येक पानावर सही. म्हणजे पक्कं. दोघांच्या संमतीने घटस्फोट, दोघांचा मिळून एकच अर्ज. माझी सही राहिली आहे. दिवाळीच्या सुटीआधी दाखल करून टाकू म्हणतात.

'ठीक आहे' म्हणालो. दुसऱ्या हाताने पान तीनचा मथळा दुरुस्त करत होतो.

दुपारच्या वणी गाडीने आलो. दिंडोरीपर्यंत उभा. फाट्यावर उतरून चालत. किल्ली नेहमीप्रमाणे शेजारच्या मळ्यातल्या ठकूबाईंकडे.

नलू मागच्या आठवड्यात येऊन गेली. खिळ्याला टांगलेल्या वहीत तिची नोंद: 'चवळी तोडली, अर्धी ठकूबाईंना. कंदिलाची काच तडकली, नवी आणावी. विहिरीचा दोर बदलला. मागच्या भिंतीला ओल आहे.' गेल्या वर्षी जूनमध्ये ती नाशिकरोडला भावाकडे, वसंताकडे, राहायला गेली, तेव्हापासून ही पद्धत. एक शनिवार-रविवार माझा, एक तिचा. घर कोणी घ्यायचं हे एका वाक्यात मिटलं. मळ्याचं काय, हे विचारायचं धाडस दोघांनाही झालं नाही.

काच आणायला विसरलो. वहीत वाचेपर्यंत कळणार तरी कसं.

रविवार, २ ऑक्टोबर.

गाद्या-घोंगड्या उन्हात. पावसाने आत आलेली माती खरवडून काढली. ओल्या भिंतीला चुना. दारापुढचं गवत उपटलं, निम्मं झाल्यावर कंबर धरली. शेंगा भाजून खाल्ल्या, ओल्या, सालासकट करपलेल्या. त्या खाताना पाऊण तास काहीही आठवलं नाही. हे लिहून ठेवावंसं वाटलं.

ठकूबाई भाकरी घेऊन आल्या. उंबऱ्यावर बसून म्हणाल्या, "बाई येत्यात तवा तुमी नाय. तुमी येता तवा बाई नाय. शाळंचं टायमटेबल लावलंय का काय? आमचं कुत्रं बी इचारतंय, ह्या घराचा मालक कंचा?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

त्यांचे यजमान रामभाऊ द्राक्षाच्या मांडवाखाली फिरून आले. वेलींची पानं ते आठवडाभरात काढून देतील. "दसऱ्याच्या आत छाटा, दादा. मागं राहिली का माल लय उशिरा येतो." गेल्या साली छाटणी त्यांनीच केली होती. माल बेताचा, पाला उदंड. यंदाही येतो म्हणाले, तर ठकूबाई: "तुमी कशाला कडमडता? त्यांचं त्यांना करू द्या."

बेचाळीस वेली आहेत. लावल्यापासून आमचं ठरलेलं: नलू काडी बघून किती डोळे, म्हणजे फुटायचे कोंब, ठेवायचे ते सांगते, मी कात्री चालवतो. मला काडीकडे बघून कळत नाही. तिला कात्रीने हात दुखतो.

वहीत लिहिलं: 'छाटणी १५ तारखेला. डोळे तू सांगतेस. येशील?' शेवटचा शब्द खोडला. मग पुन्हा लिहिला.

गुरुवार, ६ ऑक्टोबर. नाशिक.

सही केली. वकिलांच्या खोलीत पंखा बंद, कागद उडतात म्हणून. त्यांनी अर्ज वाचून दाखवला. 'एक वर्षाहून अधिक काळ विभक्त राहत असून एकत्र राहणे शक्य झालेले नाही.' वाक्य बरोबर आहे. कुठे हात लावायला जागा नाही.

"भांडण काय झालं होतं, नुसतं माझ्या माहितीसाठी?" वकील.

भांडण झालंच नाही. आमचं कधीच झालं नाही. जाताना ती म्हणाली होती, "तुमच्याशी भांडता येत नाही हो. तुम्ही ऐकून घेता आणि कामाला लागता." मी ते ऐकून घेतलं. आणि तिची ट्रंक रिक्षात ठेवून दिली.

बुधवार, १२ ऑक्टोबर. नाशिक.

ऑफिसच्या पत्त्यावर नलूचं पोस्टकार्ड. 'शनिवारी पहिल्या गाडीने येते. रविवारी दसरा, वसंताकडे जेवायला थांबायचं आहे, तेव्हा एका दिवसात संपवू. कात्रीला धार लावून ठेवणे.' खाली नुसतं 'नलिनी'.

कार्ड तीनदा वाचलं. शिपायाने विचारलं, काही वाईट बातमी का? नाही म्हटलं. धार लावायला कात्री भद्रकालीच्या बाजारात दिली.

शुक्रवारची रजा टाकली. बारा वर्षांत नवरात्रात पहिल्यांदा. वृत्तसंपादक म्हणाले, "तुम्ही? रजा? घरी बरं आहे ना सगळं?"

शुक्रवार, १४ ऑक्टोबर. मळा.

रस्त्याने वणीच्या देवीला पायी जाणारे जथे. दुपारी पाचसहा बायका पाणी मागायला आत आल्या. पाण्याबरोबर चहा केला. एक म्हातारी म्हणाली, घरात बाईमाणूस दिसत नाय? म्हटलं, उद्या येणार आहे. खरंच आहे की ते.

भांडी घासली. तांब्याचा बंब चिंचेने लख्ख केला. नवी काच बसवली. पांघरुणं दोन काढली, मग एक परत ठेवलं. ती संध्याकाळी जाणार आहे.

उद्या एक गोष्ट तिला सांगायची की नाही, ते ठरत नाही. चार वर्षं मी ती कोणाला सांगितलेली नाही. इथेही लिहिलेली नाही.

शनिवार, १५ ऑक्टोबर.

ती पावणेनऊला आली. पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला टॉवेल. केस पुढून बरेच पांढरे झालेत. "चहा नको, ऊन चढेल," म्हणाली, आणि सरळ मांडवात.

पहिल्या दहाबारा वेली बोलणं एवढंच: "चार. पाच. ही बारीक आहे, दोनच. हं, पाच." पानं काढलेल्या मांडवात ऊन सरळ अंगावर. माझी कात्री तिच्या आवाजामागे चालत होती. मला इतकं बरं वाटत होतं की लाज वाटली.

भाकरी आणि ठेचा बांधावर बसून खाल्ला. ठकूबाई लांबून बघून गेल्या, आल्या नाहीत. एरवी त्या अशा गप्प बसणाऱ्या नाहीत.

जेवल्यावर नलू आपणहून बोलली. माझ्याकडे न बघता. आठवेल तसं उतरवतो.

"अण्णा गेले तेव्हा मी मालेगावला परीक्षेच्या कामावर होते. सकाळी स्टँडवर आले, नाशिकची गाडी लागायची होती. शेजारच्या बाकावर एक माणूस तुमचा पेपर वाचत होता. मागचं पान माझ्याकडे. आधी अण्णांचं नाव दिसलं. मग चौकट दिसली."

मला हे माहीत होतं, म्हणजे पेपर पाहून कळलं एवढं माहीत होतं. बाक, माणूस, मागचं पान, हे माहीत नव्हतं. तिने कधी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

"चांगली लिहिली होती बातमी. बारा ओळी. त्यांची शाळा, त्यांचं गणित, सगळं. एक शब्द जास्त नाही. मी त्या माणसाला म्हटलं, हे माझे वडील. तो म्हणाला, बाई, तुम्हाला कोणी कळवलं नाही?"

मग म्हणाली, "सगळ्यांना मी हेच सांगते, की यांनी ट्रंक कॉल लावला होता, लागला नाही. वसंता अजून चिडतो. मी दरवेळी तुमची बाजू घेते. ते घेऊन घेऊनच थकले, असं वाटतं कधी कधी."

पुन्हा उभे राहिलो. तिने 'पाच' म्हटलं, मी कापलं. तिने 'चार' म्हटलं, मी कापलं. तेविसाव्या वेलीशी मी सांगितलं.

कॉल लागला नाही असं नव्हतं. मी रद्द केला. बाहेरगावी जाणारा अंक रात्री नऊला सुटायचा, पार्सल नवाच्या गाडीवर. ऑफिसात ट्रंकची लाइन एकच, आणि जळगावहून बातमी यायची होती. पावणेनऊला एक्स्चेंजला सांगितलं, मालेगावचा कॉल काढा. वसंता गाडी घेऊन तुला आणायला निघाला असेल असं धरून चाललो. चौकटीसाठी अण्णांचं जन्मसाल मी दोन ठिकाणांहून पडताळून घेतलं होतं. वसंता निघाला का, हे एका ठिकाणीही विचारलं नाही.

एवढं सगळं सलग बोललो. आवाज नेहमीसारखाच होता. तो तसा का होता कोण जाणे.

ती काडी धरून उभी. मग:

"किती वाजता म्हणालात?"

"पावणेनऊ."

"आणि अंक?"

"नऊ."

"पंधरा मिनिटं."

बोलण्यासारखं होतं, पण ते सगळं खुलाशात मोडलं असतं.

"ही जाड आहे," ती म्हणाली. "सहा ठेवा."

उरलेल्या एकोणीस वेली तशाच झाल्या. एकही चुकवली नाही तिने. माझ्याकडून दोन काड्या वाकड्या कापल्या गेल्या. तिने पाहिलं. शेवटी मोरचूद-चुन्याचं मलम कापलेल्या टोकांना दोघांनी लावलं, ती एका टोकाने, मी दुसऱ्या. मध्ये भेटलो तेव्हा तिची बोटं निळी, माझीही. तिने टॉवेलने डोळे पुसले, घाम होता की नाही ते मला कळलं नाही. पुसताना गालाला निळं लागलं. सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही.

चारच्या गाडीला फाट्यापर्यंत गेलो. पिशवी धरू दिली नाही. गाडी आल्यावर म्हणाली, "येते." नेहमीचाच शब्द. त्यात काही शोधत बसणं बरं नव्हे.

रविवार, १६ ऑक्टोबर. दसरा.

दाराला झेंडूचं तोरण, कात्री आणि फवाऱ्याची पूजा. छाटलेल्या काड्या गोळा करून बांधावर रचल्या. बाराला भात-आमटी.

ठकूबाई सोनं द्यायला आल्या. आपट्याची पानं हातावर ठेवली, नमस्कार करू दिला नाही. मग: "काल बाई रडत व्हत्या. गाडीत चढेस्तोवर नाय, चढल्यावर. आमचे हे त्याच गाडीत व्हते." थांबल्या. "तुमी काय बोललात त्यास्नी?"

"खरं बोललो, ठकूबाई."

"आत्ता?" एवढंच म्हणाल्या. तोंडाला पदर लावून निघून गेल्या.

तो एक शब्द दुपारभर. सांगून मी तिचं ओझं उतरवलं की माझं, हे ठरवता येत नाही. तिने चार वर्षं जी बाजू घेतली, ती बाजूच नव्हती, हे आता तिला ठाऊक आहे. सही करण्याआधी ठाऊक असतं तर निदान राग तरी करता आला असता तिला. मी तोही वेळेवर पोचू दिला नाही.

मांडव उघडा पडलाय. पलीकडचा डोंगर सरळ दिसतो. छान दिसतो. दोन पेले चहा, गवती चहा घालून. संध्याकाळी परत.

गुरुवार, २० ऑक्टोबर. नाशिक.

पाठक वकिलांचा फोन, अकरा वाजता. सोमवारी, २४ तारखेला अर्ज दाखल होणार, कोर्टात साडेदहाला हजर राहायचं. मी वेळ लिहून घेतली. मग ते जरा अडखळले. म्हणाले, "बाई काल येऊन गेल्या. एकट्याच. अर्ज परत वाचायला मागितला. अर्धा तास बसल्या होत्या."

"काही बदल?"

"नाही. सही आहे तशीच आहे. फक्त म्हणाल्या, दाखल करण्याआधी तुमच्याशी बोलायचंय. वकील नको, भाऊ नको. तुम्ही दोघंच. दहाला, कोर्टाच्या फाटकासमोर चहाचं दुकान आहे तिथे."

"कशाबद्दल?"

"ते मी विचारलं. म्हणाल्या, कशाबद्दल ते अजून माझंही ठरलेलं नाही."

वसंताला फोन करून काही कळतं का पाहावं, असं मनात आलं. रिसीव्हर उचलला, परत ठेवला. हे एक पडताळून पाहायचं नाही.

सोमवारची रजा टाकली आहे. दिवसभराची. ती रागावेल, किंवा नुसतं विचारून घेईल, किंवा वर कोर्टात चला म्हणेल आणि आम्ही जिना चढू. मी पावणेदहालाच जाऊन बसेन.