फिकी कुल्फी, पूर्ण सीझन

मार्चमधला दुसरा रविवार, संध्याकाळ

आज स्वेटरशिवाय बाहेर पडता आलं. सायकलमध्ये हवा भरली आणि थेट विद्याधर नगर गाठलं. कुल्फीवाले भैया हिवाळाभर गाडी बंद ठेवतात. आज लावली होती. माझ्यासाठी ते दर रविवारी एक साचा फिका करतात, कमी साखरेचा.

‘आ गईं इंजीनियर साहिबा! फीकी कितने संडे रखूँ?’

‘पूरा सीज़न,’ मी म्हणाले. लगेच, विचार न करता.

पण एप्रिलपासून पुण्याची नोकरी आहे. होकाराची मेल उद्या जायलाच हवी. आई आठवडाभर खूश आहे: ‘एकदाची आपल्या माणसांत जाशील.’ पुण्यात मी आजवर एकूण अकरा दिवस राहिलेय; वाढले ती इथेच, या हिंदी बोलणाऱ्या शहरात.

मग भैयांशी खोटं का बोलले? की ते खोटं नव्हतंच? कामात मीटरच्या रीडिंगची शंका आली की मी ते तीनदा घेते. परतताना स्वतःला तीनदा विचारलं, किती रविवार? तिन्ही वेळा उत्तर तेच. पूर्ण सीझन.

मेल लिहून तयार आहे, फक्त पाठवायची. पण त्याआधी भैयांना ‘दोनच रविवार’ असं सांगून यायला हवं, असं मला का वाटतंय?