बहाव्याचे तीन रविवार

बाई, तुमची बहाव्याची वही अजून माझ्याकडे आहे, आणि आज मी तिच्यात खाडाखोड केली. कोथरूडच्या आपल्या शाळेमागचं ते एकच झाड. दर रविवारी सकाळी तुम्ही त्याच्यापुढे उभ्या राहायचात, मान वर, आणि लिहायचात: पालवी थोडी, कळ्या नाहीत, शेंगा भरपूर. नववीत मी विचारलं होतं, काहीच बदललं नसेल तर लिहायचं कशाला? तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "नाही, हेसुद्धा लिहायचं असतं. झाड काय पुस्तक वाचून फुलतं?" वर्ग हसला. मी चिडले, पण पुढच्या रविवारी तुमच्याबरोबर आले.

हल्ली हे काम आम्ही बरेच जण करतो. प्रत्येकाने जवळचं एक झाड धरायचं, आठवड्यातून एकदा बघायचं, पानं, फुलं, फळं किती ते मोबाइलवर नोंदवायचं. अशा पुष्कळांच्या, पुष्कळ वर्षांच्या नोंदी जमल्या की फुलण्याची वेळ सरकतेय का ते कळतं. मी तोच बहावा धरलाय. सोसायटीतले एक काका घरबसल्या 'गेल्या वेळेसारखंच' असं भरायचे. त्यांना म्हटलं, "काका, झाडाचा फोन आला होता का?" बोलणं तुमचंच होतं. तुम्ही हे सगळं एकटीने केलंत, कोणी सांगितलेलं नसताना. किती चोख होतात हो तुम्ही.

जुन्या नोंदीही पाठवाव्यात म्हणून आज गटातली एक मुलगी वही चाळत होती. एका पानावर थांबली. "ताई, त्या वर्षी हा मार्चच्या सुरुवातीलाच फुललाय. सॉलिड ना?"

त्या पानावरचं अक्षर माझं होतं. तुमचं ऑपरेशन झालं तेव्हा वही माझ्याकडे देताना तुम्ही म्हणालात, "गेली नाहीस तर 'गेले नाही' लिही. मी रागावणार नाही." माझी दहावीची परीक्षा होती. तीन रविवार मी गेले नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून घरीच फुलं लिहिली. तुम्ही खरंच खूश झालात. ते पान नर्सलासुद्धा दाखवलंत. बरं वाटलं की बघायला जाऊ, म्हणालात. ते झालंच नाही.

मुलीला मी सगळं सांगितलं, तिन्ही नोंदींवर काट मारली आणि 'गेले नाही' लिहिलं. हे पत्रही त्याच पानात ठेवते, दुसरीकडे कुठे पाठवणार? त्या मार्चमध्ये आपला बहावा फुलला होता की नव्हता, मला खरंच माहीत नाही, बाई. मी बघितलंच नव्हतं.